रतनबाईंचा डावा हात

तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केदारींचं घर आहे. त्याच्या फाटकाला अजून पत्र्याची पाटी आहे. 'केदारी संगणक वर्ग' ही अक्षरं गंजातूनही वाचता येतात. खाली 'मराठी व इंग्रजी टंकलेखन' अशी ओळ होती, ती आता माहीत असेल त्यालाच दिसते. वर्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली. पाटी काढायची राहून गेली, आणि पुढे ती काढायची आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या वर्गाच्या खोलीतच आता रतनबाईंचा पलंग होता. लांबट खोली, एका भिंतीला शेवटपर्यंत सिमेंटचा कट्टा. एके काळी त्या कट्ट्यावर ओळीने कॉम्प्युटर असत. आता तिथे औषधं, टॉवेल, पेजेची वाटी आणि गरम पाण्याची पिशवी असे. फाल्गुनात रतनबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असत. ओठाला चमचा लावला तर त्या गिळत. पण समोर कोण आहे याची काही खूण त्या डोळ्यांत उमटत नसे. श्रावण सरत आला तरी त्यात फरक नव्हता.

मुलगी समीक्षा त्यांच्याजवळ होती. तिचं लग्न टिकलं नव्हतं. ती माहेरी आली, ती राहिलीच. लोणावळ्यातल्या एका बँकेत ती नोकरीला होती, पण साठलेली सगळी रजा संपून आता बिनपगारी चालली होती. पहिले काही आठवडे ती रडली. मग रडणं थांबलं, आणि त्याच्याबरोबर आणखीही काही थांबलं. चहा पिऊन झाला की नाही, हे तिला कपात डोकावून ठरवावं लागे. शेजारची रुपाली भेटायला आली की म्हणे, "किती गं धीराची तू." समीक्षा मान हलवी. धीर तिला कुठे दिसत नव्हता. आत काहीच नव्हतं.

धाकटा भाऊ संदेश तळेगावला राहत असे. तो रोज फोन करी.

"ताई, वराळ्याच्या पुढे एक नवीन केंद्र झालंय. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ आहे. एका खोलीत दोघीच. नर्स असते, जनरेटर आहे, लाईट म्हणून जात नाही. तुमच्यासारखं नाही."

"तुमच्यासारखं काय? इथेच वाढलास तू."

"म्हणूनच सांगतोय. एक खाट रिकामी आहे. मंगळवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत."

समीक्षाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू मला एकच सांग," संदेश म्हणाला. "आईला काही कळतं का? तिला कळत असेल, तर मी पुन्हा त्या केंद्राचं नाव काढणार नाही. पण कळतच नसेल, तर तिला इथे काय आणि तिथे काय. आणि तू तेवढी मोकळी होशील. तू रोज जवळ असतेस. तूच सांग."

"माहीत नाही, संद्या."

"मग बघ आणि मंगळवारी सांग. शनिवार-रविवारी मी येत नाही. भुशी धरणाच्या गर्दीत वलवणलाच गाडी बंद करून बसावं लागतं."

फोन ठेवल्यावर समीक्षाला वाटलं, आपण जवळजवळ हो म्हटलंच आहे. त्याचं वाईट वाटतंय का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. मग ती आईची पेज गरम करायला उठली.

दिवसा मदतीला बाया नावाची बाई येत असे. भुशीच्या वरच्या अंगाला तिची ठाकरांची वाडी. तिथून ती चालत उतरे. आली की आधी पायरीवर बसून पाय झटके आणि धरणावर आलेल्या लोकांच्या नावाने बोलून घेई.

"काय ती माणसं, ताई. भिजायचं म्हणून गाडीतनं येत्यात आन् भिजलं की वरडत्यात. आमाला म्हंत्यात, मावशी, फोटो काढा की. म्या काढला. समद्यांची मुंडकी कापली."

"मुद्दाम?"

"न्हाई तर काय."

बायाचं बोलणं ऐकताना समीक्षाच्या ओठांना हसायची सवय आठवे, तेवढंच.

रतनबाईंच्या डाव्या हाताकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तेही बायाचंच. तो हात मधूनच गोधडीवर हलायला लागे. बोटं उठत, टेकत, थांबत, पुन्हा उठत. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही आपोआप होणारी हालचाल आहे, मेंदूला इजा झाली की होते, त्यात अर्थ शोधू नका. बोटं हलून झाली की तो हात गोधडीवरून वीतभर वर उचलला जाई आणि तसाच अधांतरी राही. बराच वेळ. शेवटी थकून खाली पडे. समीक्षा म्हणे, आखडतोय, आणि तेल लावून चोळी. बाया तो धरून खाली दाबी, वर गोधडी घाली.

"हात वर ऱ्हातो ते बरं न्हाई, ताई. आमच्या सासऱ्याचं बी असंच व्हतं. शेवटी शेवटी कायतरी धुंडाळल्यावानी करायचे."

"किती दिवसांनी गेले?"

"तसं न्हाई म्हंत म्या," बाया म्हणाली, आणि भांडी घेऊन उठली.

हे ज्यांच्याबद्दल चाललं होतं, त्या रतनबाई म्हणजे मावळातून कॉम्प्युटरवर काम करायला गेलेली पहिली बाई, असं लोणावळ्यात लोक म्हणत. त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणत, "पहिली की दुसरी, कोण मोजायला बसलं होतं?"

त्यांचे वडील भिमाजी गराडे. वराळ्याकडची भाताची खाचरं भावाच्या हवाली करून ते रेल्वेत गँगमन म्हणून लागले. घाटातले रूळ तपासणं हे त्यांचं काम. रेल्वेच्या एका साहेबाच्या शब्दावर रतनला कॉन्व्हेंटात प्रवेश मिळाला. घरी कुणाला इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेतल्या सिस्टर मुलींना भरतकाम शिकवीत. दोसुतीच्या कापडावर चौकोन मोजायचे आणि एकेका चौकोनात एकेक फुली घालून ए ते झेड अक्षरं भरायची. चौकोन चुकला तर सगळं उसवायचं. रतनचं कापड शाळेत पहिलं आलं. घरी आणल्यावर तिच्या आईने, झुंबरबाईंनी, ते पाण्याच्या माठावर झाकण म्हणून घातलं. रतन म्हणाली, आई, ही अक्षरं आहेत. झुंबरबाई म्हणाल्या, असू दे की, पाण्यात केर तर पडत न्हाई.

सत्तर सालच्या आसपास पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात पंचिंगसाठी मुली हव्या होत्या. कॉम्प्युटरला तेव्हा जाड कागदाची कार्डं द्यावी लागत. कार्डाला भोकं पाडली की मशीनला आकडे आणि अक्षरं कळत. रतनला टायपिंग येत होतं. तिला घेतलं. गावच्या जत्रेत कुणीतरी भिमाजींना विचारलं, पोरगी काय करते.

"कागदाला भोकं पाडते."

"टीसीवानी?"

"टीसीवानीच. पण बसून."

पंचिंगच्या हॉलमध्ये मुली जास्त आणि मशीन कमी. नव्या मुलीला मशीनला हात लावायची मुभा नसे. तिच्यापुढे एक लाकडी फळी ठेवत. फळीवर रंगाने कळा काढलेल्या. त्या खोट्या कळांवर बोटं चालवत बसायचं. ए, एस, डी, एफ डाव्या हाताने, मग उजव्याने चार, पुन्हा डाव्याने. एखादं मशीन मोकळं झालं की सुपरवायझर बाई टाळी वाजवी. सगळ्या मुलींनी हात उचलून अधांतरी धरायचे. मग ती एक नाव पुकारी. जिचं नाव, तिने मशीनवर जायचं. बाकीच्यांनी हात खाली, पुन्हा फळी. रतनला पुढे ते सगळं आपल्या मुलांना जेवताना सांगायला आवडे.

"पहिला महिना माझं नाव आलंच नाही," ती सांगे. "टाळी वाजली की मी हात वर करायचे. ती बाई दुसरीचंच नाव घ्यायची. मग एक दिवस म्हणाली, 'मिस गराडे, मशीन.' मला वाटलं, दुसरी कुणी मिस गराडे असेल."

पंचिंगमधून ती प्रोग्रॅम लिहायला कशी गेली, याची गोष्ट लोक मोठी करून सांगत. सत्काराच्या भाषणांत तर ती फारच मोठी झाली होती. रतनबाई ती अशी सांगत: "आपण पाडलेल्या कार्डांचं पुढे काय होतं ते बघायला मी आतल्या खोलीत गेले. आत एसी होता. मला कुणी बाहेर जा म्हणालं नाही. मग मी रोज जायला लागले." तिथे त्या शिकल्या. पुढे त्या कारखान्याच्या कितीतरी कामांचे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले. आत बसणाऱ्या त्या एकट्या बाई होत्या. त्याबद्दल त्या काही बोलत नसत. फक्त म्हणत, त्या खोलीत स्वेटर लागायचा.

लग्न झालं ते अंबाजी केदारी गुरुजींशी. मुलं झाली, लोणावळा-पुणे येणं-जाणं दमवू लागलं. शेवटी नोकरी सोडून त्यांनी घरीच वर्ग काढायचं ठरवलं. जुना एक कॉम्प्युटर टेम्पोतून आला. आसपासची माणसं चपला बाहेर काढून बघायला येत. पहिल्याच खंडेनवमीला गुरुजींनी घरातल्या कोयता-विळ्याबरोबर त्याचीही पूजा केली, आणि हळदकुंकू वाहायला बरी फट दिसली म्हणून फ्लॉपीच्या फटीत वाहिलं. त्या वर्षी वर्गातून निघालेली प्रत्येक फ्लॉपी लाल होती. रतनबाई काही दिवस गुरुजींशी बोलल्या नाहीत. मग एके सकाळी त्यांनी चहा देताना विचारलं, "यंदा प्रिंटरला काय घालणार? ओटी?"

लोणावळ्यात पाऊस लागला की लाईट जाई. वाऱ्यात फांदी पडली की दोन दोन दिवस येत नसे. पुढे तर भारनियमनच सुरू झालं. मशीन थोडी, मुलं जास्त, आणि लाईट नाही. रतनबाईंनी दोसुतीचा तागा आणला. शाळेत शिकलेल्या त्याच फुल्यांनी त्यांनी कापडावर अख्खा कीबोर्ड भरला. अक्षरं, आकडे, खाली लांब पट्टी. असे कितीतरी केले. लाईट गेली की कट्ट्यावर कापडं अंथरायची आणि कापडावर बोटं चालवायची. वर्गाचा नियमही त्यांनी हॉलमधलाच ठेवला. लाईट आली की सगळ्यांनी हात वर. बाई नाव घेतील त्याने मशीनवर जायचं, इतरांनी पुन्हा कापडावर. नाव येईपर्यंत हात खाली आणायचा नाही.

"स्वतःच्या लेकरालाही मशीन देत नव्हती," संदेश मोठेपणीही तक्रार करी. "मी वर्षभर कापडावरच."

"तुझी करंगळी वाकडी पडत होती," आई म्हणे.

"ती अजूनही पडते. मला कुणी नोकरीवरून काढलं नाही."

बायाचा मुलगा उमेश त्याच वर्गातला. वाडीवरून शाळा करून, ओल्या अंगाने तो येई. त्याने तर एक पावसाळा सगळा कापडावर काढला. पुढे तो वीज कंपनीत कंत्राटी वायरमन झाला. त्याच्यासारखी पोरं, आणि त्याहून जास्त पोरी, त्या खोलीतून कुठे कुठे गेल्या. कुणी हिंजवडीला, कुणी तहसील कचेरीत, कुणी दुकानात बिलं करायला. रस्त्यात भेटल्या की त्या आधी आपली बोटं दाखवत. तीच त्यांची ओळख.

हे सगळं समीक्षाला माहीत होतं. तीही त्या कट्ट्यावर बसून शिकली होती. तरी आईचा हात इतके दिवस तिच्यासमोर हलत होता आणि तिला काही दिसलं नव्हतं. त्याला एक कारणही होतं. वर्ग बंद झाल्यावर संदेशने घरात इन्व्हर्टर बसवला होता. लाईट गेली तरी पंखा फिरत राही, बल्ब जळत राही. लाईट गेली हे घरात कळतच नसे.

शुक्रवारी दुपारी बाया कपडे वाळत घालायला मागे गेली होती. समीक्षाने दूध काढायला फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. फ्रिज इन्व्हर्टरवर नव्हता. लाईट गेली असणार, एवढं तिच्या मनात आलं आणि गेलं. ती पातेलं घेऊन खोलीत आली, तेव्हा आईचा हात चालू होता.

ती पलंगाशी उभी राहिली. हातात दुधाचं पातेलं तसंच. करंगळी टेकली. तिच्या शेजारचं बोट टेकलं. मधलं. मग पहिलं. मग हात थांबला. थांबला म्हणजे थकला नव्हता, बोटं उचललेलीच होती. चार बोटांना लागावा तेवढाच वेळ गेला आणि पुन्हा करंगळी. पुन्हा चार बोटं. पुन्हा तेवढंच थांबणं.

ए, एस, डी, एफ. आणि मधली ती जागा उजव्या हाताची. उजवा हात गोधडीखाली मेल्यासारखा पडला होता. डावा त्याच्यासाठी थांबत होता.

समीक्षाने पातेलं कट्ट्यावर ठेवलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती नुसती बघत राहिली. पहिला धडा होता तो. तेवढाच, पुन्हा पुन्हा.

मग हात थबकला. गोधडीवरून वीतभर वर गेला आणि अधांतरी राहिला. त्याच वेळी स्वयंपाकघरात फ्रिज धडधडून सुरू झाला.

संध्याकाळी उमेश आईला न्यायला मोटारसायकल घेऊन आला. दारातूनच त्याने पलंगाकडे बघून हात जोडले.

"उमेश, दुपारी लाईट गेली होती का इकडे?"

"गेलती की, ताई. तळ्याच्या अंगाला तारंवर फांदी पडली. आमीच काढली. का वो? तुमच्याकडं तर इन्व्हर्टर हाय. तुमाला कसं कळलं?"

"फ्रिजमुळे."

"बरूबर. आता फ्रिजवाल्यांनाच कळतं," तो म्हणाला. "बाईंना सांगा, म्हणावं, उमेशनं लाईट आणली."

"तूच सांग."

तो आत आला, पलंगाशी वाकला आणि जरा मोठ्याने म्हणाला, "बाई, लाईट आली." मग काय करावं न सुचून त्याने आपले दोन्ही हात छातीपुढे उचलून धरले, वर्गात धरायचे तसे. रतनबाईंचे डोळे छताकडे होते. बायाने त्याला कोपराने ढोसलं.

"चल. लय श्याना झालाय."

रात्रभर समीक्षा त्यावर विचार करत राहिली असं म्हणता येणार नाही. ती झोपली. सकाळी उठली तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं, एखादं घरकाम ठरलेलं असावं तसं. बाया यायच्या आधी ती जिन्याखाली गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. इन्व्हर्टरने बारीकसा कट असा आवाज केला. पंखा फिरत होता, दिवा जळत होता. ती खोलीत येऊन खुर्चीवर बसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग करंगळी टेकली.

ती उठली, जिन्याखाली जाऊन स्विच वर केला, परत आली. हात अधांतरी होता.

म्हणजे आईला कळत होतं. घरातल्या कुणालाही कळत नव्हतं ते. खोलीतला पंखा फिरत असताना, दिवा जळत असताना, त्या पलंगावरून ती फ्रिजची धडधड थांबलेली आणि इन्व्हर्टरचा तो बारीक आवाज ऐकत होती. समीक्षाने पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा जिन्याखाली गेल्यावर तिचा हात स्विचवर राहिला आणि तिला जाणवलं, आपण आईला मशीनसारखं चालू-बंद करतोय. तिने स्विच सोडला. खोलीत येऊन तो वर राहिलेला हात तिने चोळला नाही, खालीही दाबला नाही. तो आपोआप पडेपर्यंत ती बसून राहिली. फार वेळ लागला.

बाया आल्यावर समीक्षा म्हणाली, "बाया, यापुढे तो हात दाबू नकोस."

"बरं." बायाने तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं, ताई?"

"काही नाही. काम करतेय ती."

बायाने जरा वेळ पलंगाकडे बघितलं. "मंग करू द्या," ती म्हणाली.

मंगळवारी संदेश आला. येताना शहाळी घेऊन आला, आईला काय आणावं हे न कळणाऱ्यांसारखा. समीक्षाने त्याला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज सपाट होता, बँकेत कुणाला नियम सांगावेत तसा. संदेशने ऐकून घेतलं.

"ताई, ती सवय आहे गं. पाल शेपूट टाकून पळते, ते शेपूट मागे हलतच असतं. म्हणून ते जिवंत असतं का?"

"नसेल."

"मग?"

"तू बघ तरी."

तो स्वतःच जिन्याखाली गेला. स्विच पडला तसा तो लगबगीने परत आला. हात चालायला लागला. संदेश पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. बघता बघता त्याचे ओठ हलायला लागले, ए, एस, डी, एफ, आणि आईचा हात थांबे तेव्हा त्याचेही ओठ थांबत. त्याच्या लक्षात आल्यावर त्याने तोंड मिटलं. तो जाऊन स्विच वर करून आला. हात उचलला गेला होता. तसाच राहिला होता.

"आता?" तो म्हणाला.

"आता ती वाट बघते."

"कशाची?"

"नाव घ्यायची."

संदेश पुढे झाला. त्याने पलंगाच्या कडेवर हात टेकले. "आई," तो म्हणाला. हात हलला नाही. "आई, मी संदेश." काही नाही. तो ओशाळून हसला. "बाई," त्याने वर्गातल्यासारखं म्हणून पाहिलं. हात तसाच. बोटांना आता कंप सुटला होता.

समीक्षाने ओळीने आठवून पाहिलं. वर्गात नाव बाई घेत. बाईंचं नाव तिथे कोण घेणार होतं? मग तिला जेवताना सांगितलेला तो हॉल आठवला, फळी, टाळी, आणि पहिला महिनाभर न आलेलं नाव. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले.

"मिस गराडे," ती म्हणाली, "मशीन."

हात खाली आला. पडला नाही. हळू, नीट, बोटं थोडी वाकवलेली, असा गोधडीवर टेकला आणि स्थिर झाला. रतनबाईंच्या घशातून एक श्वास बाहेर आला.

मागच्या अंगणात बाया कुणाच्या तरी कुत्र्याला हाकलत होती.

"म्हणजे ती आपल्याला ओळखत नाही," संदेश शेवटी म्हणाला. "तिला आपण माहीतच नाही. आपण अजून झालोच नाही."

"हो."

"ती त्या हॉलमध्ये आहे."

"हो. पण आहे."

तो खुर्चीवर बसला. खिशातून फोन काढून त्याने हातात नुसता फिरवला. "तिथे जनरेटर आहे," तो म्हणाला. "मीच तुला सांगितलं. लाईट जातच नाही."

"गेली आणि आली, तरी तिथे तिला नाव घेऊन कोण बोलावणार? हात दाबून ठेवतील. आपणही तेच करत होतो."

संदेश ओसरीवर गेला. त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. नाही, आणत नाही. हो, नक्की. खाट दुसऱ्या कुणाला द्या. परत आला तेव्हा त्याने एकच विचारलं, "तुझ्या नोकरीचं काय?"

"सोमवारपासून जाईन. बायाला दिवसभराचं सांगते. टाळी वाजवायला तिला शिकवीन."

"शनिवारी मी येत जाईन."

"वलवणला अडकशील."

"अडकेन," तो म्हणाला.

तो गेल्यावर समीक्षाने शहाळ्याचं पाणी गाळून चमच्याने आईला पाजलं. तोंड पुसलं. आता हलकं वाटायला हवं होतं, असं तिला वाटत होतं. वाटलं नाही. पेजेची वाटी विसळून तिने कट्ट्यावर उपडी ठेवली. बाया निरोप घेऊन गेली. शिकवल्याप्रमाणे जाता जाता तिने दारात उभं राहून एकदा टाळी वाजवून पाहिली, आणि आपल्याच आवाजाला लाजून निघून गेली.

दिवेलागणीला समीक्षाने कपाटाच्या तळातून एक दोसुती काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, फुल्यांचा निळा रंग मात्र धड होता. तिने ती आईच्या हाताखाली गोधडीवर पसरली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर वारं सुटलं होतं. स्वयंपाकघरातली धडधड बंद पडली. जिन्याखाली तो बारीक आवाज झाला. डाव्या हाताची करंगळी कापडावरचा आपला चौकोन शोधून टेकली. ए, एस, डी, एफ. मग हात थांबला.

समीक्षाने खुर्ची जवळ ओढली आणि आपला उजवा हात कापडाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर ठेवला. चार बोटं, करंगळीपासून. आईच्या हाताने ती संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग आपली चार घेतली. पुन्हा समीक्षाची चार. दूध फ्रिजमध्ये होतं, ते तापवून ठेवायला हवं होतं. ती उठली नाही.